शनिवारची पुडी

१

मेडिकलच्या वहीप्रमाणे मापकाकांच्या बायकोने शनिवारी, रविवारी आणि सोमवारी वेळेवर औषध घेतलं होतं. डॉक्टरांच्या दाखल्याप्रमाणे ती शुक्रवारी रात्रीच गेली होती. फार तर शनिवारी उजाडता उजाडता.

वहीच्या पानाची नक्कल आणि दाखला टेबलावर शेजारी शेजारी होते. मापकाका सकाळपासून त्यांच्यासमोर बसून होते. हॉस्पिटलमधून येऊन त्यांना चार दिवस झाले होते, आणि पाय अजून दुसऱ्याचेच वाटत होते.

पस्तीस वर्षं ते वजनमाप खात्यात तपासनीस होते. दुकानात शिरायचं, वजन उलटं करायचं, बुडातलं शिसं कोणी कोरून काढलंय का ते बघायचं. गल्लीतल्या लोकांनी त्यांचं नाव मापकाका पाडलं ते त्यावरूनच. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी नाव सुटलं नव्हतं.

"तक्रारीवर सही करा, भाऊजी," मेहुणा दारातूनच म्हणाला. तो मास्क लावून उंबऱ्याबाहेर उभा होता. "बाकी सगळं मी भरलंय. उद्या दुपारी कचेरी बंद व्हायच्या आत द्यायचंय."

"वाचू तर दे."

"वाचायचंय काय त्यात? ताई गेल्यावर तीन दिवस वहीत बरोबरच्या खुणा! ती पोचवणारी बाई घरी बसून खुणा करत होती. दुकानदाराने तिला काढलं, म्हणजे त्यालाही ते माहीत आहे. त्याचं लायसन्स गेलंच पाहिजे."

साथ सुरू झाली तेव्हा कोपऱ्यावरच्या केमिस्टने दुकानाच्या दारात आडवं टेबल लावलं आणि गिऱ्हाइकांना आत येणं बंद केलं. म्हातारी माणसं टेबलापर्यंतही यायला घाबरू लागली. कोणी दोन दिवसांच्या गोळ्या एकदम घेतल्या, कोणी अर्ध्याच. मग त्याने एक रीत काढली. डॉक्टरांची चिठ्ठी फोनवर फोटो काढून मागवायची. आठवड्याच्या सात पुड्या बांधायच्या, एका पुडीत एका दिवसाच्या सगळ्या गोळ्या, वर नाव आणि तारीख. त्या कापडी पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवायच्या. पिशव्या मापकाकांच्या समोर राहणाऱ्या टेलरबाई शिवून द्यायच्या. पिशवी रिकामी झाली की पुन्हा कडीला लावायची, पुढच्या आठवड्यासाठी.

सहीचं काय? एकच पेन शंभर हातांत कोण देणार? म्हणून सहीऐवजी पुडी. सकाळी गोळ्या घेतल्या की रिकामी पुडी दाराच्या चिमट्याला लावायची. पोचवणारी बाई आठ वाजता येऊन ती न्यायची आणि वहीत खूण करायची. पुडी असली म्हणजे माणूस ठीक आहे. पुडी नसली की बेल वाजवायची, उत्तर आलं नाही तर घरच्यांना कळवायचं. चाळीस घरांत ही रीत चालू होती आणि तिने दोन जीव वाचवलेही होते.

मापकाकांना बुधवारी हॉस्पिटलात नेलं. गाडीत चढताना ते बायकोला इतकंच म्हणाले, "दार लाव. मी येईपर्यंत कोणाला उघडू नकोस." भाजी आणायला निघाले तरी ते हेच म्हणायचे. चाळीस वर्षं म्हणत आले होते.

"रविवारी ताई फोन घेईना," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज उतरला. "मी दुकानात फोन केला. पुडी आली का? तो म्हणाला, आली. मी जेवलो, भाऊजी. चांगला पोटभर जेवलो आणि झोपलो."

मापकाकांच्या डोक्यात दाखल्यातले दोनच शब्द फिरत होते. फार तर. शनिवारी चिमट्याला पुडी नसती तर आठ वाजता बेल वाजली असती. तेव्हा ती जिवंत होती का?

"खूण खोटी असेल तर सही करीन," ते म्हणाले. "पण मी माप उलटं करून बघितल्याशिवाय पावती कधी फाडली नाही."

"ताई गेली आणि तुम्ही मापं काय काढताय!"

"तिच्यासाठीच काढतोय."

२

पोचवणारी बाई मुळात बसची कंडक्टर. बसगाड्या उभ्या राहिल्या तसं तिने सायकल काढली आणि औषधं वाटायला लागली. सगळे तिला कंडक्टरबाईच म्हणायचे, आणि तीही दाराशी "चला, पुढचा स्टॉप!" म्हणून निघायची.

मापकाका तिच्या घरासमोर ओट्यावर टेकले. ती खिडकीत उभी राहिली. मधे सहा हात अंतर.

"भांडायला आला असाल तर भांडा, काका. मेहुण्यांनी परवा सगळ्या गल्लीला ऐकवलं. तुमच्याकडून ऐकायचं राहिलंय."

"भांडायला नाही. मला फक्त सांगा, शनिवारी तुम्ही तिसऱ्या मजल्यावर चढलात?"

"चढले."

"रविवारी?"

"रविवारी, सोमवारी, सगळ्या दिवशी. अठरा वर्षं मी तिकिटं फाडली. गाडीत बसलेल्या माणसाचं तिकीट फाडलंय, न बसलेल्याचं नाही."

"पुडी होती?"

"होती. हातातल्या चिमट्याने उचलली, त्या दिवसाच्या पिशवीत टाकली, खूण केली."

"हाताने नाही?"

"हात कशाला लावू? नियमच आहे. गोळा केलेल्या पुड्या दुकानात तीन दिवस बांधून ठेवायच्या, रोग मरेपर्यंत. चौथ्या दिवशी मालक उघडून तारखा बघतो."

मापकाका जरा पुढे वाकले. "म्हणजे शनिवारची पुडी शनिवारी कोणी वाचलीच नाही?"

"कोणीच नाही." मग खिडकीच्या गजाला कपाळ टेकून म्हणाली, "एक सांगू का? काकू पुडीची बारीक घडी करायच्या. चौघडी, वर अंगठ्याने दाबलेली. मी म्हणायचे, काकू, केवढी ही इस्त्री! आतून हसायच्या. त्या तीन पुड्यांना घडी होती का हे मी पंधरा दिवस आठवतेय. चष्म्यावर वाफ यायची हो. मास्क लावून तीन जिने चढलं की समोरचं काही धड दिसत नाही. पण दिसायला हवं होतं."

तिने डोळे पुसले नाहीत, नुसती खिडकीतून मागे सरकली.

"त्या पुड्या आता कुठे आहेत?"

"मालकाला विचारा. काकू सापडल्या त्यानंतर मला दुकानात पायच ठेवू दिला नाही."

३

केमिस्टने खुर्ची बाहेर आणून ठेवली. रस्त्यावर उभं राहायला काढलेले खडूचे गोल अर्धे पुसले होते.

"साहेब, मी तुम्हाला काय तोंड दाखवू?"

"तोंड राहू दे. पुड्या दाखवा."

तो आत गेला आणि कागदाच्या तीन पिशव्या घेऊन आला. तोंडाला सुतळी, वर तारीख. शनिवार, रविवार, सोमवार.

"शनिवारची मंगळवारी उघडायची होती. मंगळवारीच काकू सापडल्या. मग हातच लागला नाही माझा. म्हटलं, तपास करायला कोणीतरी येईल, त्याच्यासमोरच उघडू. कोणी आलंच नाही. इतकी माणसं जात होती, एका पुडीसाठी कोण येणार?"

"मी आलो ना."

केमिस्टने हातमोजे चढवले. पहिल्या पिशवीत चाळीस पुड्या होत्या. त्याने एक एक नाव वाचत बाजूला काढल्या. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कोणी दाताने फाडलेली, कोणी कोपरा ओढलेला, एकीचा तर नुसता चोळामोळा. मापकाका बघत राहिले. एकोणचाळीस माणसं एकोणचाळीस तऱ्हांनी जिवंत होती.

"ही."

पुडीवर तिचं नाव होतं आणि शनिवारची तारीख. आत काही नव्हतं. घडी नव्हती.

रविवारची तशीच. सोमवारचीही.

"बाईने फसवलं म्हणून मी तिला काढली," केमिस्ट हळूच म्हणाला. "मला वाटलं, पिशवीत पुडीच नसणार. आणि ह्या तर आहेत."

"तिने स्वतःच कापून आणल्या असतील तर?"

"तिच्याकडे कात्री नाही, साहेब. सायकलवर नुसती पिशव्यांची चळत असते. आणि असली कात्री तर माझ्याकडेही नाही."

"असली म्हणजे?"

केमिस्टने पुडी उन्हात धरली. वरची कड सरळ नव्हती. बारीक बारीक दात होते तिला, एकासारखा एक. करवतीने कापल्यासारखी. तिन्ही पुड्यांना तेच.

४

मापकाका जिन्यात दुसऱ्या मजल्यावर बसले. दम लागला होता. पूर्वी असं कधी बसायची वेळ आली तर बायको वरून हाक मारायची, "पोचलात की वाटेत संसार मांडलात?"

त्यांनी तिथूनच मेहुण्याला फोन लावला.

"मंगळवारी दार उघडलंस तेव्हा औषधाची पिशवी कुठे होती?"

"कडीला. बाहेर. मीच आत आणून कपाटावर ठेवली."

"रिकामी?"

"नाही. पुड्या होत्या आत. तीनचार असतील. का?"

"नंतर सांगतो."

वर जाऊन त्यांनी पिशवी उतरवली. चार पुड्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. नव्या आठवड्याची पिशवी शुक्रवारी सकाळी आली होती हे वहीत होतं. सातातल्या तीन गेल्या होत्या आणि पिशवी बाहेरच लटकत होती.

ती आत कधी आलीच नव्हती.

कंडक्टरबाईला रोज कडीला पिशवी दिसली, पण त्यात नवल काय? रिकाम्या पिशव्या कडीलाच असायच्या. म्हणजे ज्याने पुड्या कापल्या तो दाराबाहेर उभा राहून कापत होता. रोज एक, आठ वाजायच्या आत, आणि जिन्यात कोणाला परका वाटला नाही. मेहुणा मंगळवारी पास मिळेपर्यंत शहराच्या दुसऱ्या टोकाला अडकला होता, रस्ते बंद होते. केमिस्ट दुकान सोडून हलत नव्हता. कंडक्टरबाईला पुडी हवीच असती तर कापायची गरज काय होती? वहीत खूण पुरली असती, तीन दिवस कोण वाचणार होतं?

मापकाकांनी सवयीने पिशवी उलटी केली, वजन उलटं करायचे तशी.

आतल्या शिवणीच्या कडा दातेरी होत्या. कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून कापतात तशा. बारीक बारीक दात, एकासारखा एक.

ते उठले. समोरच्या दारापर्यंत चार पावलं होती. आतून मशीनचा आवाज येत होता. त्यांनी बेल वाजवली आणि मशीन थांबलं.

५

टेलरबाई गेली सात वर्षं समोर राहत होत्या. अंथरुणाला खिळलेली आई आणि एक शिलाई मशीन, एवढाच संसार. साथीत कोणी कपडे शिवेना, तेव्हा केमिस्टने त्यांना मास्क आणि पिशव्यांचं काम दिलं होतं.

मापकाकांनी पुडी दाखवली नाही. पिशवी उलटी करून नुसती पुढे धरली.

टेलरबाईंनी पिशवीकडे पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

"आत या, काका."

"नको. आई आहेत आत. इथूनच बोला."

"रोज म्हणायचे, आज सांगते. तुम्ही आलात त्या दिवशी दारापर्यंत आले होते. तुम्ही चपला काढत होतात. दोन जोड होते ना तिथे, तुमचे आणि काकूंचे. तुम्ही त्यांचे सरळ करून ठेवलेत. माझ्याने बोलवेना."

"आता बोला."

"शुक्रवारी दुपारी काकूंनी दाराआडून हाक मारली. म्हणाल्या, ताप आहे गं मला. म्हटलं, मी फोन करते, गाडी बोलावते. तर केवढ्याने ओरडल्या! खबरदार, म्हणाल्या. नवी पिशवी कडीला आहे, माझा हात लागलेला नाही. माझ्या हातची पुडी आता त्या कंडक्टरबाईला नको, तिला पोरंबाळं आहेत. तू त्यातल्या तीन काढ, कापून रोज एक लाव. तीन दिवसांत माझा ताप उतरतो. सोमवारनंतर मी लावीन."

"आणि गोळ्या?"

"म्हणाल्या, घरात जुन्या आहेत. पुडीतल्या तू जपून ठेव, मग दे."

त्या आत गेल्या आणि बॉबिनचा डबा घेऊन आल्या. दोऱ्याच्या रिळांमधे कागदाचे तीन चौकोन होते, नीट दुमडलेले. प्रत्येकात तीन गोळ्या.

मापकाकांनी त्या मोजल्या. नऊ. पुन्हा मोजल्या.

"तुम्ही ऐकलंत कशाला तिचं?" त्यांचा आवाज एकदम चढला. "ती म्हणाली म्हणून? आजारी माणूस काय वाटेल ते म्हणतं!"

आतून म्हातारीने विचारलं, "कोण गं?" टेलरबाई म्हणाल्या, "कोणी नाही, आई." मग मापकाकांकडे वळल्या.

"तेच मी त्यांना विचारलं, काका. म्हटलं, एवढी भीती कशाची? तर म्हणाल्या, हॉस्पिटलातून रोज संध्याकाळी यांच्या तब्येतीचा फोन येतो. मला उचलून नेलं तर फोन कोण घेईल? आणि हे बरे होऊन आले आणि दाराला कुलूप दिसलं तर? हे जाताना मला सांगून गेलेत, मी येईपर्यंत दार उघडू नकोस."

जिन्यात खालून कोणीतरी खोकलं. मापकाकांनी कठड्यावर हात ठेवला.

ते वाक्य भाजीच्या पिशवीएवढं होतं. बाहेर पडताना उचलायचं, परत आल्यावर खुंटीला अडकवायचं. तिने ते कधी मनावर घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं. उलट हसायची. "कोण येतंय मला पळवायला!"

"शनिवारी," त्यांनी विचारलं, "पुडी लावताना तुम्हाला आतून काही ऐकू आलं?"

"दाराला कान लावला होता. पंखा चालू होता. वाटलं, झोपल्यात. हाक मारणार होते, पण म्हटलं, ताप उतरून डोळा लागला असेल तर झोप कशाला मोडा."

"फक्त पंखा?"

"फक्त पंखा."

पंखा माणूस नसतानाही फिरतो. मापकाकांना तेवढ्यावर काहीच ठरवता येईना. आयुष्यात पहिल्यांदा माप त्यांच्या हातात होतं आणि काटा दोन्हीकडे हलत होता, आणि तो तसाच हलत राहणार होता.

"मंगळवारी पिशवीत चार पुड्या होत्या," ते म्हणाले. "मग मंगळवारी का नाही लावलीत?"

"हात धजेना. तीन दिवस आवाज नाही, नळ नाही, काही नाही. मला कळलं होतं. पण उघड सांगायचा धीर नव्हता. म्हटलं, चिमटा मोकळा राहू दे. बेल वाजू दे." त्या रडत होत्या, आवाज न करता, आईला कळू नये म्हणून. "काय करायचं ते करा, काका. मेहुण्यांना सांगा. मी नाही म्हणणार नाही."

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहुणा आला तेव्हा तक्रारीचा कागद टेबलावर होता. सही नव्हती.

"कोणी केलं कळलं का?"

"कळलं. तुझ्या ताईने. पुड्या तिने सांगितलं तशा लागल्या."

"ताईने? आणि लावल्या कोणी?"

"जिला तिने सांगितलं, तिने. ती नाही म्हणू शकली नाही. तुझ्या ताईला तू कधी नाही म्हणू शकलास?"

मेहुणा म्हणाला, "पण का, भाऊजी?"

मापकाकांनी सांगितलं. वाक्यही सांगितलं, जसंच्या तसं. टेलरबाईंचं नाव तेवढं घेतलं नाही. मेहुण्याची नजर समोरच्या दाराकडे गेली, तिथे जरा थांबली, आणि परत आली. त्याने कागद उचलून दोनदा फाडला. मग उंबरा ओलांडून आत आला, साथ सुरू झाल्यापासून पहिल्यांदा, आणि भाऊजींच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला.

संध्याकाळी मापकाका केमिस्टकडे गेले.

"बाईची खूण खरी होती. तिला उद्यापासून बोलवा. आणि गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, जसं काढताना ऐकू गेलं होतं."

"सांगतो, साहेब. चूक माझी."

"तुमची रीत वाईट नाही. तिच्यात एक खोट आहे. पुडी कोणीही कापू शकतो. पुडी असो नसो, बेल वाजलीच पाहिजे. आतून आवाज आला तरच खूण."

"चाळीस घरं आहेत, साहेब. वेळ लागेल."

"लागू दे."

केमिस्टने वही ओढली आणि खुणेच्या रकान्याशेजारी हाताने आणखी एक रेघ मारली. वर लिहिलं, आवाज. हॉस्पिटलने मापकाकांनाही रक्त पातळ राहायच्या गोळ्या लावून दिल्या होत्या. त्यांचं घर वहीत होतंच. नाव तेवढं बदललं.

सकाळी त्यांनी पहिली पुडी उघडली. गोळ्या घेतल्या. रिकामी पुडी हातात राहिली. त्यांनी तिची घडी घातली, मग आणखी एक, आणि वर अंगठ्याने दाबलं. तिच्यासारखी बसली नाही. ती तशीच दाराबाहेर चिमट्याला लावून ते आत आले. दार लावलं.

आठ वाजता जिन्यात पावलं वाजली. मजल्यावर आल्यावर ती थांबली. चिमट्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही. तिने घडी पाहिली असावी.

बेल वाजली.

"काका, आवाज द्या!"

मापकाका दाराशीच उभे होते.

"घाई नाही," कंडक्टरबाई बाहेरून म्हणाली. "मी थांबलेय. आवाज आल्याशिवाय गाडी हलत नाही."

समोरचं मशीन थांबलं होतं. तिकडेही कोणीतरी दाराला कान लावून उभं होतं. मापकाकांनी एक हात कडीवर ठेवला.

"आहे," ते म्हणाले.

"ऐकू नाही आलं, काका."

त्यांनी कडी काढली आणि दार सताड उघडलं.

"आहे मी," ते म्हणाले. "आहे."